दिवा जात नाही, जोड जातो: जुन्या गाडीच्या फॉगलाइटची वायरिंग घरच्या घरी कशी नीट करायची



जाळी, मत्स्यबीज, बर्फ आणि बाजारभाव यावर आपण इथं नेहमी बोलतो. आज गाडीवर बोलायचं आहे. मासा पाण्यातून काढला म्हणजे आपलं काम संपत नाही. तो उजाडायच्या सुमारास बाजारात पोचला तरच त्याचा पैसा होतो. पोचवते ती आपली जुनी गाडी. कुणाची व्हॅन, कुणाची जीप, कुणाचा छोटा टेम्पो. जाळं फाटलं तर आपण त्याच दिवशी विणायला बसतो, पण गाडीचा दिवा मंद झाला तर "बघू की पुढच्या आठवड्यात" म्हणतो. हा पुढचा आठवडा किती महागात पडू शकतो ते आम्ही गेल्या पौषात बघितलं.

पहाटेची वेळ. आमची जुनी व्हॅन सदलग्यातून बोरगावच्या रस्त्यानं निघालेली. मागं कटला आणि चिलापीचे क्रेट, पुढं आम्ही दोघं, मधल्या सीटवर टोपल्या घेऊन दोन मावश्या. नदीवरून आलेलं धुकं एवढं दाट, की रस्त्याकडेची पांढरी पट्टीसुद्धा धड दिसेना. एका खड्ड्यात चाक आदळलं आणि उजवी फॉगलाइट गेली. डावी होती, पण ती रॉकेलच्या चिमणीसारखी पिवळी पडलेली. पाच-सात सेकंदांनी समोर उसाची ट्रॉली. पंक्चर होऊन उभी, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाखाली नुसता दगड. स्टिअरिंग डावीकडं ओढलं, गाडी उसात घुसली. देवाच्या दयेनं कुणाला काही झालं नाही. क्रेट उलटले, मासा मातीत गेला. मावशी एवढंच म्हणाल्या, "पोरांनो, मासा उद्या बी मिळंल."

त्या दिवशी आम्ही नवा बल्ब घातला. आठ दिवसांनी लाइट परत गेली. परत बल्ब घातला, परत तेच. मग मात्र पुढचा बंपर उतरवला आणि काळी चिकटपट्टी सोडली. आत तांबं नव्हतंच, नुसती हिरवी पूड. बल्ब दोन्ही वेळेला चांगला होता. गेला होता तो जोड.

आजचा धडा एका ओळीत सांगायचा तर हाच: दिवा जात नाही, जोड जातो. बाकी सगळं हे ओळखायचं कसं आणि नीट करायचं कसं, याबद्दल आहे.

धुकं आपल्याकडंच एवढं का दाटतं

मार्गशीर्ष-पौषात रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. जमीन पटकन थंड होते, पण दूधगंगेचं पाणी त्या मानानं उबदार राहतं. पाण्यावरची आणि पाणी पाजलेल्या उसातली ओलसर हवा थंड हवेला भेटली की तिचे बारीक थेंब होतात. तेच धुकं. नदीकाठच्या सखल रस्त्यावर ते जास्त साचतं. आणि नेमका याच महिन्यांत गळीत हंगाम असतो. रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या. सगळ्यांच्या मागं दिवा असेलच असं धरून चालायचं नाही.

आपल्यातले काहीजण निपाणी-आजरा मार्गे आंबोली घाट उतरून वेंगुर्ला, मालवणकडचा समुद्राचा मासा आणतात. त्यांना पावसाळ्याच्या दिवसांत घाटात भर दुपारी धुकं लागतं. म्हणजे फॉगलाइट ही आपल्याला शोभेची वस्तू नाही, धंद्याचं हत्यार आहे.

तांबं हिरवं का होतं

तांब्याला ओल आणि हवा मिळाली की ते आधी काळवंडतं, मग त्यावर हिरवट कळंक चढतो. देवघरातला तांब्या घासला नाही तर जे होतं तेच. पण मासळीच्या गाडीत याला तीन गोष्टींची फोडणी मिळते.

एक, बर्फाचं पाणी. त्यात माशाचा चिकटा असतो, कधी मीठ असतं. समुद्राचा मासा असेल तर खारं पाणी ठरलेलंच. हे पाणी क्रेटमधून गळून पत्र्याच्या फटीतून खाली जातं आणि वायरिंगवर टपकत राहतं.

दोन, वीज. ओल्या जोडात १२ व्होल्ट चालू असले की प्लसच्या बाजूचं तांबं पाण्यात विरघळायला लागतं. म्हणून बहुतेक वेळा प्लसची वायर आधी खाल्लेली दिसते. खारं पाणी असेल तर हे काम फारच झपाट्यानं होतं.

तीन, महापूर. २००५, २०१९ आणि २०२१ ला दूधगंगा-कृष्णेच्या काठानं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते सांगायला नको. ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या त्यांची इंजिनं साफ झाली, सीट वाळवल्या, पण वायरीच्या आवरणात शिरलेलं पाणी कुणी काढलं नाही. दिव्याची वात तेल ओढते तसं बारीक तारांचा झुबका पाणी आत ओढून घेतो. वरून वायर नवीकोरी दिसते, सोलली की आत काळी. पुरात उभी राहिलेली जुनी गाडी कुणी विकत घेतली असेल तर त्यांनी हा धडा दोनदा वाचावा.

आधी निदान, मग पक्कड

आपली सवय काय, दिवा गेला की बल्ब बदलायचा. तसं करू नका. एक साधा डिजिटल मल्टिमीटर सगळ्यांनी मिळून घेतला तरी चालतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, फॉगलाइट चालू. दिवा जळत असतानाच मोजायचं, हे महत्त्वाचं. दिवा बंद ठेवून मोजलं तर सडलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवतो, कारण त्यातून करंट जात नसतो. दिवा अजिबात पेटतच नसेल तर आधी फ्यूज आणि बल्ब बघा, मग कपलर हलवून तो क्षणभर तरी लागतो का बघा. हात आणि मीटरच्या वायरी पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

पहिलं माप: बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर आधी अल्टरनेटर, बेल्ट आणि बॅटरी बघा.

दुसरं माप: दिव्याच्या कपलरवर, मागच्या बाजूनं टोक घालून. इथं बॅटरीपेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टाहून जास्त घट असेल तर वाटेत कुठंतरी चोर आहे.

तिसरं माप: चोर कुठल्या बाजूला? मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी दिव्याच्या प्लसला. जो आकडा येईल तेवढी घट प्लसच्या वायरीत. अर्ध्या व्होल्टाच्या आत असावी.

चौथं माप: लाल वायर दिव्याच्या मायनसला, काळी बॅटरीच्या मायनसला. हा आकडा अर्थिंगच्या बाजूची घट. ०.२ व्होल्टाच्या आत असावी.

आमच्या व्हॅनचे आकडे सांगतो. बॅटरीवर १३.८. डाव्या दिव्यावर १०.१. म्हणजे ३.७ व्होल्ट वाटेतच गेले. त्यातले १.३ प्लसच्या वायरीत आणि २.४ अर्थिंगमध्ये. सगळेजण प्लसच्या वायरीला दोष देतात, इथं मोठा चोर अर्थिंगचा बोल्ट निघाला. रंगावरच कसलेला, खाली गंजाचा थर.

हे ३.७ व्होल्ट किरकोळ वाटतील. पण हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगानं कमी होतो. व्होल्ट १० टक्के कमी झाले की प्रकाश ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. आमच्या दिव्याला उजेड निम्म्याहूनही कमी उरला होता. आणि जो उजेड गेला तो उष्णता होऊन जोडात बसत होता. २.४ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर म्हणजे जवळजवळ १० वॅट एका बोल्टापाशी. सडलेल्या जोडाशेजारचं प्लास्टिक वितळलेलं दिसतं त्याचं कारण हेच. मागं डिझेलचा डबा आणि सुकी पोती असलेल्या गाडीत हे बरं नव्हे.

सामान काय लागेल

- २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची ऑटो वायर, लाल आणि काळी. मिळाली तर कल्हई केलेली, म्हणजे तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली घ्या. होडीच्या कामाला हीच वापरतात. भांड्याला कल्हई का करतो ते आपल्याला सांगायला नको. तारेलाही तेच लागू.
- स्विचकडं जायला ०.७५ चौरस मिलिमीटरची पातळ वायर.
- १२ व्होल्टचा ४ पिनी रिले आणि त्याचा बेस.
- झाकणवाला फ्यूज होल्डर आणि १५ अँपिअरचा फ्यूज. एक जादा फ्यूज गाडीत ठेवायला.
- वायरीच्या मापाची थिंबल आणि थिंबल दाबायची पक्कड.
- आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह.
- दोन पाणीबंद कपलर.
- पॉलिश पेपर, काटेरी वॉशर, सिलिकॉन ग्रीस, केबल टाय, वायरवर चढवायची फ्लेक्झिबल नळी.

आता कामाला लागू

पायरी १. गाडी सपाट जागी, चावी काढलेली, बोटातली अंगठी आणि हातातलं कडं बाजूला. बॅटरीची मायनस आधी सोडा. शेवटी जोडतानाही मायनसच शेवटी. प्लसला पाना लावताना तो चुकून बॉडीला टेकला तर काय होतं ते ज्यांनी बघितलंय ते विसरत नाहीत.

पायरी २. जुनी वायर एकदम ओढून काढू नका. मोबाइलवर फोटो काढा, कुठून कुठं जाते ते कागदावर लिहा. मग चिकटपट्टी सोडा. जिथं वायर फुगलेली, कडक झालेली किंवा हाताला बोचरी लागेल तिथं आत कळंक आहे असं समजा.

पायरी ३. वायर कापा आणि सोला. आत काळी असेल तर आणखी मागं कापा. लालभडक तांबं दिसेपर्यंत मागं जा. काळ्या तारेवर नवा जोड म्हणजे कुजक्या दोरीला नवी गाठ. हात-दीड हात मागं जाऊनही काळीच निघाली तर ती वायर पूर्ण बदला. व्हिनेगर-मिठानं भांडं लख्ख होतं, पण वायरीच्या झुबक्यात ते पाणी आत राहतं आणि महिन्याभरात परत कळंक येतो. वायरला तो उपाय नको. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-निळी पूड मात्र खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली तर चालते. पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका.

पायरी ४. थिंबल दाबताना वायर थिंबलच्या नळीएवढीच सोला, साधारण ६-७ मिलिमीटर. आधी श्रिंक स्लीव्ह वायरीत ओवून घ्या. हे विसरून सगळं दाबून झाल्यावर कपाळाला हात लावणारे आम्हीच. दाबल्यावर जोरानं ओढून बघा. सुटलं तर आत्ताच सुटू दे, बोरगावच्या रस्त्यावर नको. मग स्लीव्ह गरम करा. दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर आला की जोड पाणीबंद झाला असं समजा.

सोल्डर करायचं का, असं पुष्कळजण विचारतात. करता येतं, पण सोल्डर जिथं संपतं तिथं वायर कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. केलंच तर राळेचं सोल्डर वापरा, अ‍ॅसिडचं नको, आणि जोडाजवळ वायर टायनं बांधून घ्या. दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी पट्टी गुंडाळणं मात्र आजपासून बंद. उन्हाळ्यात पट्टीचा गोंद वितळतो, पावसाळ्यात आत पाणी साचतं आणि पट्टी ते बाहेरही जाऊ देत नाही.

पायरी ५. अर्थिंग. बॉडीच्या बोल्टाभोवतीचा रंग पॉलिश पेपरनं घासून रुपयाएवढा चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. गोल थिंबल, त्यावर काटेरी वॉशर, मग बोल्ट घट्ट. वरून ग्रीस किंवा रंगाचा हात. आधी रंग आणि मग बोल्ट, असं उलटं नको. बंपरच्या पत्र्यावर अर्थिंग घेऊ नका. जुन्या गाडीत बंपर स्वतःच गंजलेल्या बोल्टावर लटकलेला असतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेणं.

पायरी ६. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. वाटेत वायर घासून बॉडीला टेकली तर फ्यूजच्या पुढचा भाग वाचतो, अलीकडचा नाही. हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. भागिले १२, साधारण ९ अँपिअर. त्याला १५ चा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडत असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे, तो शोधा. ३० चा फ्यूज घालणं किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे गाडीला स्वतःच्या हातानं काडी लावणं.

पायरी ७. रिले. जुन्या गाड्यांत पुष्कळ वेळा दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेलेला असतो. स्विच तापतो, आतली पट्टी जळते. रिले लावला की स्विच फक्त हुकूम देतो, ओझं रिले उचलतो. पिनांवर आकडे लिहिलेले असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली लाल वायर. ८७ वरून दिव्यांकडं जाणारी वायर. ८६ ला स्विचकडून येणारी पातळ वायर. ८५ ला अर्थिंग. स्विचला करंट पार्किंग लाइटच्या वायरीवरून घ्या, म्हणजे पार्किंग बंद केली की फॉगलाइटही बंद होते आणि बॅटरी रात्रभर उतरत नाही. रिले पिना खाली तोंड करून बसवा, पाणी आत साचत नाही.

पायरी ८. वायर नळीतून न्या, पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी बूच घाला, सायलेन्सर आणि रेडिएटरच्या पंख्यापासून लांब ठेवा. दिव्याजवळ वायरीला खाली एक झोळ द्या आणि मग वर घेऊन कपलरला जोडा. वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळातून टपकतं, कपलरात शिरत नाही. घरातल्या मीटरपेटीकडं येणारी वायर अशीच सोडतात, बघा कधी. कपलरच्या रबरी सीलला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. ते पाणी अडवतं.

पायरी ९. दिवा बघा. काचेत पाणी साचलं असेल तर रबर बदला. दिव्याला खाली बारीक भोक असतं, ते मातीनं बुजलेलं असेल तर मोकळं करा. दिवा उलटा बसवला असेल तर तेच भोक वर येतं आणि पाणी आत घेतं. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहिलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटनं पुसा.

सगळं झाल्यावर तीच चार मापं परत घ्या आणि वहीत लिहा. आमच्या व्हॅनचे १०.१ चे १३.३ झाले. बल्ब तोच, जुना. मावश्यांनी विचारलं, "नवा दिवा बसिवलासा काय?"

दिव्याचा रोख

चांगली वायरिंग करून दिवा झाडाच्या शेंड्याकडं लावला तर उपयोग शून्य. फॉगलाइटचा उजेड रुंद, आखूड आणि जमिनीलगत पाहिजे. वर गेलेला उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. धुक्यात अप्पर लावली की समोर पांढरी भिंत उभी राहते ती यामुळंच. म्हणून धुक्यात डिपर आणि फॉगलाइट, अप्पर नाही.

गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मारा, त्याच्या ४ इंच खाली दुसरी रेघ. उजेडाची वरची कड या खालच्या रेघेवर आली पाहिजे. आणि हे काम क्रेट भरून करा. रिकाम्या गाडीत बरोबर बसवलेला दिवा मागं माल भरला की नाक वर करतो आणि समोरच्याला आंधळं करतो.

पिवळी बरी का पांढरी? धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, जवळजवळ सारखाच विखुरतो. काहींच्या डोळ्यांना पिवळ्याचा त्रास कमी होतो, एवढाच फरक. रंगापेक्षा रोख आणि व्होल्ट महत्त्वाचे. ५५ च्या जागी १०० वॅटचा बल्ब घालायचा मोहही टाळा. होल्डर आणि वायर दोन्ही भाजून निघतात.

होडीवाल्यांसाठी

हाच धडा होडीच्या दिव्याला आणि इंजिनाच्या बॅटरीला लागू आहे, दोन फरकांसह. पहिला, लाकडी किंवा फायबरच्या होडीला बॉडीचं अर्थिंग नसतंच. प्रत्येक दिव्याला लाल आणि काळी, दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत न्यायच्या. दुसरा, होडी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची असली तरी पत्र्याचा उपयोग परतीच्या वायरीसारखा करायचा नाही. पाण्यात असताना तो करंट पत्राच खायला लागतो, आणि भोक पडल्यावर कळतं. बॅटरीच्या पेटीला वरून वारा लागू द्या, चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू पेट घेतो.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं

चांगला दिवा म्हणजे जोरात जायचा परवाना नाही. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त धावते. समोर काही दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर संपले, ब्रेक अजून लागायचाच आहे. ताशी ३० ला तेच अंतर साडेबारा मीटर. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, एवढाच हिशेब. आणि आपल्याला दिसणं जेवढं गरजेचं तेवढंच आपण दुसऱ्याला दिसणं. मागच्या दिव्यांचे जोडही याच पद्धतीनं तपासा, मागच्या दारावर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. त्या पहाटे ट्रॉलीच्या मागं तळहाताएवढी पट्टी असती तर आमचा मासा मातीत गेला नसता. ट्रॅक्टरवाले आपलेच भाऊबंद आहेत; भेटतील तेव्हा भांडू नका, एक पट्टी हातात द्या.

वर्षातून दोनदा ही तपासणी करायची: मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळी झाल्यावर एकदा. रोज माल उतरवल्यावर गाडी गोड्या पाण्यानं धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा कपलरवर मारू नका. क्रेटखाली पाणी धरायला ट्रे ठेवा आणि त्याची नळी थेट बाहेर काढा. बर्फाचं पाणी वायरिंगवर पडायचं थांबलं की निम्मं दुखणं तिथंच संपतं.

ज्यांना स्वतः जमत नाही त्यांनी वायरमनकडं जावं, त्यात कमीपणा नाही. फक्त शेजारी उभं राहून तीन गोष्टी विचाराव्यात: "फ्यूज बॅटरीजवळ लावला का? अर्थिंगची जागा घासली का? जोडावर स्लीव्ह चढवली का?" या तिन्हींना होय आलं तर काम नीट झालं.

ज्यांच्या घरातली माणसं पहाटे गाडीत असतात त्यांच्यापर्यंत हे पोचवा. मासा उद्याही मिळेल. घरची माणसं घरी आली पाहिजेत.